जोडीदाराच्या नैराश्यात सोबत कशी करावी?

प्रश्न (जळगाव): आम्ही दोघी जोडीदार म्हणून एकत्र राहतो, घरमालकांना मात्र मैत्रिणी एवढेच ठाऊक आहे. ती नैराश्यात आहे, आवडते भरीत-भाकरीचे ताटही न शिवता झाकून ठेवते. नुकत्याच सुरू झालेल्या गोळ्यांनी फरक दिसत नाही, आणि दवाखान्यात "तुम्ही त्यांच्या कोण?" असे विचारले की माझी वाचाच बसते. मी काय करावे?

उत्तर (धुळे): ताई, गोळ्यांचा परिणाम जाणवायला सहसा काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि तो रक्ताच्या नात्यातलाच असावा अशी अट नाही. तिची तयारी असेल तर हे आधी करा.

उत्तर (भुसावळ): माझा जोडीदार यातून हळूहळू सावरतो आहे. "ऊठ, जरा फिरून ये" असे सांगण्यापेक्षा मी त्याच्या शेजारी मेथी निवडत बसे, तेव्हा तो आपणहून बोलू लागे. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. तुम्हीही बोला, कारण तुमचाही जीव थकला असणार.