एन-४०० ची मुलाखत हुकली, अर्ज नामंजूर झाला: एन-३३६ (निर्णयावर सुनावणी मागायचा अर्ज) भरावा की नवा अर्ज?

लातूरचा_धाकटा

नमस्कार मंडळी. मोठ्या भावाचं काम आहे, त्याच्या वतीनं लिहायलोय. तो टेक्सासमध्ये असतो, २०१८ पासून ग्रीन कार्ड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज ऑनलाइन भरला. ऑक्टोबरात वडलांना लकवा मारला म्हणून तो २० तारखेला लातूरला आला, तो अजून इथंच आहे. १२ नोव्हेंबरच्या मुलाखतीचं पत्र जुन्या अपार्टमेंटवर गेलं. घर ऑगस्टातच बदललं होतं, तिथल्या टपालखात्याला नवा पत्ता दिला होता, तरी पत्र मिळालं नाही. आता ९ जानेवारी २०२६ तारखेचं पत्र आलंय, अर्ज नामंजूर. मित्रानं पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय.

ग्रीन कार्डाला धोका आहे का? अपील करावं की नवा अर्ज? इथले दवाखान्याचे कागद तिकडं चालतात का? संभाजीनगरचा एक कन्सल्टंट म्हणायलाय की अपील बिपील काही नसतं, नवी फाईल करा, पैसे आधी भरा.

मांजराकाठ

भाऊ, कन्सल्टंटला पैसे देऊ नका. आधी पत्राची सगळी पानं वाचा. अर्ज ऑनलाइन भरलाय ना, मग मित्राच्या फोटोवर कशाला बसायचं? यूएससीआयएस म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणारं अमेरिकन सरकारी खातं, त्याच्या साइटवर भावाच्या ऑनलाइन खात्यात लॉगिन करा, कागदपत्रांच्या टॅबमध्ये निर्णयाची पीडीएफ सहसा असते. मुलाखतीचं पत्रसुद्धा तिथं पडलेलं असेल, आणि अधिकारी नेमकं हेच विचारणार, हे आत्ताच धरून चला.

पत्रात दोन गोष्टी शोधा: कोणत्या नियमाखाली निर्णय दिलाय, आणि हुकलेली मुलाखत पहिली होती की दुसरी.

पहिलीच मुलाखत हुकली असेल तर अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या नियमांतला ३३५.६ लागतो. त्यात ३० दिवसांत लेखी कारण कळवलं नाही तर अर्ज गुणदोष न बघता बंद करून ठेवतात. बंद म्हणजे नामंजूर नव्हे. बंद झाल्यापासून एका वर्षाच्या आत लेखी विनंती केली की तोच अर्ज पुन्हा उघडतो, नवी फी लागत नाही. वर्ष उलटलं की अर्ज सोडून दिला असं मानून आपोआप खारीज, वेगळं पत्रही येत नाही. यात एक मेख आहे. पुन्हा उघडण्याच्या विनंतीची तारीख हीच अर्जाची नवी तारीख धरतात, म्हणजे नागरिकत्वासाठी लागणारा पाच वर्षांचा अमेरिकेतल्या वास्तव्याचा हिशेब त्या दिवसापासून मागं मोजला जातो. मधल्या काळात माणूस महिनोन्‌महिने गावाकडं राहिला असेल तर तो तिथं अडकतो.

पहिली मुलाखत झाली होती आणि नंतरची हुकली असेल तर नियम ३३५.७. तिथं अर्ज बंद करून ठेवत नाहीत, फाईलमध्ये जे आहे त्यावर निकाल देतात, आणि बहुतेकदा तो नामंजुरीचाच असतो. तुमच्या पत्रात 'नामंजूर' आहे म्हणून मला हाच प्रकार वाटतो. पहिली मुलाखत झाली होती का?

लातूरचा_धाकटा

दादा, बरोबर धरलंत. पीडीएफ मिळाली, त्यात ३३५.७ च आहे. भावाला विचारलं तर म्हणाला, ऑगस्टात एक मुलाखत झाली होती. इंग्रजी आणि नागरिकशास्त्र दोन्हीत पास, एन-६५२ नावाचा मुलाखतीच्या निकालाचा कागद हातात दिला होता. मग एन-१४ म्हणून एक कागद देऊन टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (करखात्याकडून मिळणारे रिटर्नचे उतारे) मागितले होते. ते पाठवायचे राहून गेले. त्याला वाटलं दुसऱ्या मुलाखतीला नेऊ.

बिंदुसरा_बीड

म्हणजे नामंजुरीला दोन कारणं आहेत आणि तुम्ही एकच सांगायला होतात. बरेच अर्ज इथंच मार खातात. माणूस सगळा जोर 'वडील आजारी होते' यावर लावतो आणि मागितलेले कागद पुन्हा जोडतच नाही. मुलाखत का हुकली ते कितीही पटलं, तरी टॅक्सचे कागद फाईलमध्ये नसतील तर पुन्हा नामंजूरच.

आता मुदत. एन-३३६ म्हणजे निर्णयावर सुनावणी मागण्याचा अर्ज. निर्णय मिळाल्यापासून ३० दिवस, पत्र टपालानं आलं असेल तर ३३. ९ जानेवारीपासून ३० दिवस ८ फेब्रुवारीला भरतात, त्या दिवशी रविवार आहे. वरचे तीन दिवस आहेतच असं समजून बसू नका. ६ तारखेच्या आत ऑनलाइन सबमिट करून पावती डाउनलोड करून ठेवा. लातूरहून कुरिअरनं कागदी अर्ज पाठवायच्या भानगडीत पडू नका, पोचल्याची तारीख धरतात, पाठवल्याची नाही. उशिरा गेलेला अर्ज नाकारतात. फक्त त्यात नवा पुरावा किंवा कायद्याची चूक दाखवलेली असेल तर तो पुनर्विचाराचा अर्ज म्हणून बघावा लागतो, पण ती वाट मुद्दाम धरायची नसते.

फी एप्रिल २०२४ पासून अशी आहे: एन-३३६ ऑनलाइन ७८० डॉलर, कागदी ८३०. नवा एन-४०० ऑनलाइन ७१०, कागदी ७६०. भरण्याच्या दिवशी फीचं पान एकदा बघून घ्या. उत्पन्न कमी असेल तर आय-९१२ वर फी माफी मागता येते, पण मग अर्ज कागदीच करावा लागतो. हरलात तरी फी परत मिळत नाही.

औंढेकर

७० डॉलरच्या फरकावर निर्णय घेऊ नका. भावाच्या बाबतीत मी एन-३३६ च म्हणेन, आणि कारण परीक्षेचं आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी नागरिकशास्त्राची परीक्षा लागू आहे: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. जुनीत १०० प्रश्न, १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. भावाचा अर्ज फेब्रुवारीचा, तो जुनी परीक्षा पास झालाय आणि त्याची नोंद फाईलमध्ये आहे. नवा अर्ज केला तर सगळं पहिल्यापासून.

शिवाय एन-३३६ ची सुनावणी दुसरा अधिकारी घेतो, पहिल्याच्या बरोबरीचा किंवा वरच्या दर्जाचा. त्याला फाईल नव्यानं तपासता येते, नवे कागद घेता येतात, नव्यानं प्रश्नही विचारता येतात. अर्ज केल्यापासून १८० दिवसांत सुनावणी लावायची असते. तिथंही नामंजूर झालं तर १२० दिवसांत फेडरल जिल्हा न्यायालयात जाता येतं. नवा अर्ज करणाऱ्याला जुन्या निर्णयावर हा रस्ता उरत नाही, कारण सुनावणी मागितल्याशिवाय न्यायालय दार उघडत नाही.

ज्यांच्या फाईलमध्ये फक्त गैरहजेरी आहे, परीक्षा व्हायचीच होती आणि घाई नाही, त्यांनी सरळ नवा एन-४०० भरावा. गैरहजेरीमुळं नामंजूर झालं म्हणून अमुक काळ थांबा, असा नियम नाही.

मांजराकाठ

ग्रीन कार्डाचं: मुलाखत हुकल्यानं ते जात नाही. नामंजुरीनंतर माणूस होता तिथंच, कायम रहिवासी. भारतीय पासपोर्टही तसाच चालू, त्याची मुदत तेवढी तपासा. जुनी पोलिस केस असेल किंवा ग्रीन कार्ड मिळण्यातच काही गडबड असेल तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय काहीच भरू नका, कारण नवा अर्ज म्हणजे सगळी फाईल पुन्हा उघडणं.

तुमच्या भावाचा खरा धोका लातुरातला मुक्काम आहे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, आणि ते खोडून काढायचं ओझं अर्जदारावर येतं. कायद्यात हे फक्त अर्जाआधीच्या पाच वर्षांना लागू नाही, अर्ज भरल्यापासून एन-३३६ च्या सुनावणीपर्यंतच्या काळालाही लागू आहे. २० ऑक्टोबरला आलाय, म्हणजे २० एप्रिलच्या आत परत जायलाच पाहिजे. मी तर मार्चअखेर म्हणेन. वर्ष उलटलं तर ग्रीन कार्डावर परत शिरणंच अवघड होतं, रिटर्निंग रेसिडेंट व्हिसासाठी अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या खेपा. आणि रीएंट्री परमिटचा (जास्त दिवस बाहेर राहून परत शिरायच्या परवान्याचा) अर्ज इथून होत नाही, भरताना माणूस अमेरिकेत असावा लागतो.

आज रात्रीच करायचं काम: खात्यातून पत्ता बदला, म्हणजे एआर-११. घर बदलल्यापासून १० दिवसांत कळवणं ग्रीन कार्डवाल्यांना बंधनकारक आहे. टपालखात्याला दिलेला पत्ता यूएससीआयएसला पोचत नाही. नाही बदललात तर सुनावणीचं पत्रही जुन्याच दारात पडेल.

बिंदुसरा_बीड

कागदांबद्दल. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड बहुतेक इंग्रजीत असतं, चालतं. पण त्यात आजार असतो, मुलगा का लागला ते नसतं. म्हणून डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: रुग्णाचं नाव, दाखल केल्याची तारीख, अर्धांगामुळं किती परावलंबी आहेत, आणि १२ नोव्हेंबरच्या सुमारास जवळच्या माणसाची गरज होती. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. त्यासोबत विमानाचं तिकीट आणि पासपोर्टावरचा शिक्का.

आता नावाचा घोळ. आपल्याकडं दवाखान्यात केसपेपरवर 'बाबू' लिहितात, भावाच्या पासपोर्टावर वडलांचं नाव 'बाबूराव', आधारवर आणखी तिसरंच स्पेलिंग. तिकडच्या अधिकाऱ्याला 'राव' हे मानानं लावलेलं शेपूट आहे हे माहीत नसतं, त्याला दोन वेगळी माणसं दिसतात. डॉक्टरांच्या पत्रात पासपोर्टाप्रमाणंच नाव लिहून घ्या, नाही तर एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र जोडा.

दुसरा घोळ तारखेचा. ०५/११/२०२५ आपल्याला ५ नोव्हेंबर, त्यांना ११ मे. डॉक्टरांच्या पत्रात आणि भाषांतरात महिना अक्षरात लिहा.

मराठी कागद असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा. खाली भाषांतरकारानं लिहायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नाव, पत्ता, सही, तारीख. नोटरी लागत नाही. कोर्टाबाहेरच्या टेबलावर त्यासाठी पैसे घालवू नका. भाषांतर कुणीही जाणकार करू शकतो, पण भावानं स्वतःच्या कागदांचं स्वतः करू नये, उगाच शंकेला जागा.

औंढेकर

एन-३३६ मध्ये कारणं लिहायची जागा असते, तिथं 'कृपया विचार करावा' छापाचा अर्ज लिहू नका. तालुक्याच्या ऑफिसात चालेल ती भाषा तिथं चालत नाही. क्रम असा ठेवा: पहिली मुलाखत दिली, परीक्षा पास, एन-६५२ जोडलाय. वडील अमुक तारखेला दाखल, मी अमुक तारखेला देश सोडला. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, पत्ता कळवायचा राहिला होता, आता बदललाय. एन-१४ मध्ये मागितलेले ट्रान्सक्रिप्ट सोबत आहेत. मी पात्र आहे, सुनावणी द्यावी. एक पान पुरे.

'पत्र मिळालंच नाही' असं ठोकून देऊ नका. ऑनलाइन खात्यात पत्र कधी आलं आणि कधी उघडलं, हे बघितलं जाऊ शकतं. मुलाखत हुकणं माफ होतं. शपथेवर खोटं बोलल्याचं दिसलं तर चांगल्या चारित्र्याचा मुद्दा निघतो, आणि तो निस्तरणं फार जड.

टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) ऑनलाइन खात्यातून फुकट निघतात. रिटर्नची झेरॉक्स नव्हे, ट्रान्सक्रिप्टच. एन-१४ वर जेवढी वर्षं लिहिली आहेत तेवढी सगळी. टपालानं मागवलेत तर आयआरएसकडं नोंद असलेल्या पत्त्यावर जातील, म्हणजे पुन्हा जुनं अपार्टमेंट.

लातूरचा_धाकटा

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. भाऊ दिवसभर दवाखान्यात असतो. त्याच्या लॉगिननं मी फॉर्म भरून सही केली तर चालेल का? की तिकडच्या मित्राच्या नावानं मुखत्यारपत्र करावं?

मांजराकाठ

दोन्ही नको. सही अर्जदाराचीच लागते. धडधाकट माणसाच्या वतीनं मुखत्यारपत्रावर केलेली सही ते घेत नाहीत, आणि त्याच्या खात्यातून तुम्ही नाव टाइप करणं म्हणजे खोटी सहीच. माहिती गोळा करून, कागद स्कॅन करून द्या. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा करा, मोबाइलच्या फोटोत शिक्का पुसट येतो. फॉर्म त्यानं स्वतः वाचून सबमिट करावा. तुम्ही भरून दिलात तर फॉर्म तयार करणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव टाकायला लाजू नका.

वकील लावायचाच असेल तर अमेरिकेत परवाना असलेला, किंवा तिथल्या न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या संस्थेचा प्रतिनिधी, जो जी-२८ फॉर्म भरून फाईलवर येतो. संभाजीनगरच्या त्या कन्सल्टंटला एवढंच विचारा की जी-२८ वर तुमची सही येणार का.