मदत हवी आहे: गळक्या वाघिणीचा (मालगाडीच्या डब्याचा) वेग वाढतो का?

लालमाती:
भाची चिपळूणला बारावीत आहे. परवा दापोलीला आली ती एक गणित घेऊनच. मी बी.कॉम., त्यामुळे माझी विकेट लगेच गेली.

गणित असं. मालगाडीची उघडी वाघीण, २० टनांची, सपाट रुळावर सेकंदाला १० मीटर वेगाने आपली आपण चाललीय. इंजिन नाही, घर्षण नाही. पाऊस सरळ खाली पडतो (आपल्याकडे सरळ कधी पडतो देव जाणे) आणि आत ५ टन पाणी साठतं. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य, म्हणून २० × १० = २५ × ८. वेग ८ वर आला. इथवर मलाही कळलं.

मग पाऊस थांबतो, तळाला भोक पडतं, पाणी गळून जातं. क्लासमध्ये सांगितलं की वस्तुमान परत २० टन, म्हणजे वेग परत १०. भाची म्हणते, "मामा, पाणी नुसतं खाली पडलं, मग गाडीला पुढे ढकललं कोणी?" कोण चुकतंय?

ओहोटी:
क्लास चुकतोय. वेग ८ च राहणार.

संवेग टिकतो तो वाघीण आणि पाणी दोघांचा मिळून. गळणारं पाणीही गाडीबरोबर ८ च्याच वेगाने पुढे चाललेलं असतं. ५ × ८ = ४० संवेग ते स्वतःबरोबर घेऊन जातं, वाघिणीकडे २० × ८ = १६० उरतो. पाणी खडीवर आपटलं की ते ४० जमिनीला मिळतात, गाडीला त्यातलं काहीच नाही.

हर्णैहून मासळीचा टेम्पो निघतो तेव्हा बर्फाचं पाणी गळून सगळा रस्ता वास मारतो. त्या गळतीने टेम्पो कधी पुढे पळालाय का?

पावसाचं वेगळं. थेंबाला आडवा वेग नसतो, तो गाडीला द्यावा लागतो. त्या ओढाताणीत गाडी मंदावते. म्हणून वस्तुमान किती बदललं एवढंच बघू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा गाडीच्या तुलनेत वेग किती, ते बघा. गळतीत तो आडव्या दिशेने शून्य. तेच पाणी पंपाने मागे फेकलंत तर मात्र वेग वाढेल, अग्निबाण तसाच चालतो.

लालमाती:
भाचीने उडीच मारली. आता विचारतेय, पाऊस चालू आहे आणि पडतंय तेवढंच गळतंय, तर? वस्तुमान कायम २५ टन!

ओहोटी:
तरी मंदावणार. प्रत्येक नवा थेंब आडव्या वेगाशिवाय येतो आणि गाडीच्या वेगाने बाहेर पडतो, म्हणजे गाडीचा थोडा संवेग घेऊनच. हा प्रश्न तिने क्लासमध्ये नक्की विचारावा.