म्युस्कादे वाईन आणि तिच्या जोडीचे जेवण

प्रश्न (किनाऱ्यावरची)

नमस्कार. गेल्या वर्षापासून आम्ही नोकरीनिमित्त फ्रान्समधील नांत शहरात राहत आहोत. शेजारच्या वृद्ध दांपत्याने आम्हाला 'म्युस्कादे सेव्र-ए-मेन स्युर ली' असे लेबल असलेल्या दोन बाटल्या भेट दिल्या. तालांसाकच्या बाजारात मला अगदी आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या मिळाल्या, म्हणून मी भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात त्यांचे झणझणीत सुके केले आणि त्यासोबत पहिली बाटली उघडली. वाईन नुसतीच आंबट आणि पाणचट लागली. शेजाऱ्यांची निवड चुकली असेल असे मला वाटत नाही, चूक माझ्या ताटातच झाली असावी. पुढच्या रविवारी ते दोघे आमच्याकडे जेवायला येणार आहेत. दुसऱ्या बाटलीसोबत काय वाढावे आणि 'स्युर ली' म्हणजे नेमके काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (ल्वारकाठ)

नावावरून पुष्कळांना ही मस्कट द्राक्षांची गोड, सुगंधी वाईन वाटते, पण तिचा मस्कटशी संबंध नाही. ती 'मलों द बूर्गोन्य' या द्राक्षापासून बनते. हे द्राक्ष मूळचे बरगंडीचे असून शार्दोनेचे भावंड आहे. 1709 च्या भीषण हिवाळ्यात नांतच्या परिसरातील मळे गोठून गेले, आणि नव्याने लागवड करताना थंडीला दाद न देणारी ही जात तिथे मोठ्या प्रमाणावर पसरली. सेव्र आणि मेन ही तिथल्या दोन नद्यांची नावे असून त्या नावाच्या प्रदेशाला 1936 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

'स्युर ली' म्हणजे 'गाळावर'. आंबवण्याची क्रिया संपली की मृत यीस्ट टाकीच्या तळाशी बसते. एरवी वाईन त्या गाळावरून काढून दुसरीकडे ठेवतात, परंतु इथे ती हिवाळाभर त्याच गाळावर, बहुधा जमिनीखालच्या टाक्यांत, ठेवतात आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्यामुळे मुळात सडपातळ असलेल्या या वाईनला थोडे अंग येते, ताज्या पावाच्या कणकेसारखा मंद वास येतो आणि जिभेवर किंचित चुणचुण जाणवते. तिच्यात गोडवा जवळजवळ नसतो, सुगंध संयत असतो आणि अल्कोहोल साधारण 12 टक्क्यांच्या आसपास असते. अशा वाईनपुढे लाल तिखट आणि भाजलेले खोबरे आले की तिचा सौम्य भाग दडपला जातो आणि जिभेला फक्त आंबटपणा कळतो. आपल्याला आलेला अनुभव त्यामुळेच आला.

तिची खरी जोडी कच्च्या कालवांशी जमते. कालवांच्या खारट पाण्याने तिचा आंबटपणा गोलसर वाटू लागतो आणि लिंबू पिळण्याची गरजच उरत नाही. शिणाणे पातेल्यात बारीक चिरलेला कांदा, थोडे लोणी आणि याच वाईनचा एक पेला घालून, झाकण ठेवून, ते उघडेपर्यंत वाफवावेत. याहून सोपे आणि चोख जेवण मला ठाऊक नाही.

प्रतिसाद (पाकसिद्धी)

नांतमध्ये राहून 'बर ब्लां' राहून जाऊ नये, म्हणून लिहिते. लोण्याचा हा पांढरा सॉस त्याच परिसरातला आहे आणि त्याचे श्रेय ल्वारच्या काठी खानावळ चालवणाऱ्या क्लेमांस लफव्र यांना दिले जाते. बेआर्नेझ सॉस करताना त्यात अंड्याचा बलक घालायचा राहिला आणि हा सॉस तयार झाला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. छोटे गोड कांदे अगदी बारीक चिरून व्हिनेगर आणि म्युस्कादेमध्ये जवळजवळ कोरडे होईपर्यंत आटवावेत आणि मग मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घालावेत. आच वाढली की लोणी फुटते, त्यामुळे या वेळी चुलीपासून हलू नये. हा सॉस ल्वार नदीतल्या 'ब्रोशे' (पाइक) किंवा 'सांद्र' (झँडर) या माशांवर, ते उकडून, घालतात. लोण्याचा जडपणा या वाईनने इतका स्वच्छ धुतला जातो की पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो.

प्रतिसाद (जुनी बाटली)

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण म्युस्कादे म्हणजे केवळ कालवांसोबत बर्फगार प्यायची तरुण वाईन, असा समज त्यातून होऊ नये. क्लिसों, गॉर्ज आणि ल पाले या गावांच्या नावाने मिळणाऱ्या वाईनना 2011 मध्ये स्वतंत्र दर्जा मिळाला आणि त्या गाळावर एका हिवाळ्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ राहतात. क्लिसोंची जमीन ग्रॅनाइटची, तर गॉर्जची गॅब्रो या काळ्या खडकाची आहे. या वाईन भरदार असतात, बरीच वर्षे टिकतात आणि भाजलेल्या कोंबडीसोबत किंवा 'क्युरे नांते' या तिथल्याच चीजसोबतही उभ्या राहतात. आपल्या बाटलीवर गावाचे नाव नसल्यास ती 8 ते 10 अंशांवर वाढावी, गावाचे नाव असल्यास 12 अंशांपर्यंत जाऊ द्यावी.

तिसऱ्या मात्र सोडू नका. ओला नारळ, आले, कोथिंबीर आणि नावापुरती हिरवी मिरची एवढ्यावरच त्या केल्या, तर माझ्या मते ही वाईन त्यांच्यासोबत छान जाईल.

किनाऱ्यावरची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाटलीवर गावाचे नाव नाही. रविवारी आधी कालवे, मग ओल्या नारळातल्या थोड्या तिसऱ्या आणि शेवटी बर ब्लां घातलेला सांद्र, असा बेत ठरवला आहे. सॉससाठी वेगळी बाटली आणेन, भेट मिळालेली बाटली पूर्ण पाहुण्यांसाठीच ठेवेन.