अनुभव सांगा: ‘मोठा’ नसलेला, पण जिवापाड आवडणारा सिनेमा

भाड्याचं_घर: परवा स्वारगेटहून रिक्षाने येत होते. काकांचा मोबाइल खिशात आणि ‘अशी ही बनवाबनवी’चा नुसता आवाज चालू. लीलाबाई काळभोर आल्या आणि काका पुढचं वाक्य आधीच म्हणायला लागले. मागून मीही! घर आलं तरी प्रसंग संपेपर्यंत उतरले नाही. काकांनी मीटर आधीच बंद केला होता.

आमचे बाबा घरात फार बोलत नसत. पण सुधीर जोशींचा घरमालक चिडला की हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सिनेमा १९८८ चा. आम्ही तो गणपतीच्या मांडवात पाहिला, भाड्याने व्हीसीआर आणून पाहिला. त्याच काळात आम्हाला दोनदा सामान उचलून घर बदलावं लागलं होतं. घरमालकावर मनसोक्त हसायला मिळायचं ते तिथेच. पुढे गाजलेले, बक्षीसपात्र सिनेमेही प्रेमाने पाहिले. पण ‘आवडता कोणता?’ विचारलं की कितीतरी वर्षं मी दुसरंच नाव सांगत आले. त्याचं फार वाईट वाटतं. तुमचा कुठला?

उसाचा_फड: माहेरची साडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं गावातल्या बायका गेल्या व्हत्या बघायला. अलका कुबलचं हाल बघून आज्जीनं तिथंच ठरवलं, धाकट्या आत्त्याला सासरी परत धाडायचं न्हाई. धाडलं न्हाईच. आत्त्या पुढं अंगणवाडीत लागली. कुणी रडका सिनेमा म्हणू दे, आमच्या घरात त्यानं काम केलंय.

दुपारची_झोप: काटा आला अंगावर. आज्जींना नमस्कार सांगा.

उसाचा_फड: आज्जी गेली २०११ ला. आत्त्याला वाचून दाखवतो आज.

तात्याचा_धसका: झपाटलेला!! ताईची बाहुली रोज रात्री कपाटात, वर कुलूप. चावी माझ्या उशीखाली. रामदास पाध्यांचा बाहुला आहे हे कळल्यावरही भीती गेली नाही. आणि तात्या विंचू कोण, तर दिलीप प्रभावळकर, आईचे लाडके चिमणराव. आई म्हणायची घाबरतोस काय, चिमणराव आहेत ते.

काजूची_उसळ: बाहुलीवरून आठवलं, सावंतवाडीची लाकडी खेळणी हल्ली कुठे मिळतील? भाचीचं बारसं आहे.

तात्याचा_धसका: चितारआळीत जा सरळ. रंगीत फळंपण घ्या, सुंदर असतात.

काजूची_उसळ: 🙏 सिनेमाचं नंतर लिहिते, गॅसवर दूध आहे.

वगाची_सोंगटी: बनवाबनवीचे संवाद वसंत सबनीसांचे. दादा कोंडके ज्यात गाजले ते ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच, १९७१ चा ‘सोंगाड्या’ही त्यांनीच लिहिलेला. म्हणजे ज्याला लोक टाइमपास म्हणतात त्यामागे वगनाट्याची सगळी तालीम आहे. एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने झेलायचं, तिसऱ्याने गप्प राहून टाळी घ्यायची. अशोक सराफ नुसते थांबतात तेव्हा बघा. त्या थांबण्यात अख्खी चार जणांची अडचण दिसते. मी हौशी नाटकात वीस वर्षं आहे, अजून तेवढं थांबता येत नाही.

दुपारची_झोप: बरोबर! आणि साडी नेसलेला लक्ष्या. कुठेही बाईची टिंगल वाटत नाही. पदर सावरतो तोसुद्धा मनापासून.

थंडीतला_परदेशी: १६ डिसेंबर २००४. न्यू जर्सीत नवीन होतो, ऑफिसात बातमी कळली. लक्ष्मीकांत बेर्डे गेले हे सांगायला शेजारी मराठी माणूस नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो, मग भावाला फोन लावला. तिकडे रात्र होती. तो ‘हॅलो’ म्हणालाच नाही, एकदम धुमधडाकामधलं वाक्य म्हणाला. मग आम्ही तासभर तेच बोलत होतो.

भाड्याचं_घर: दादा, वाचताना मोबाइल बाजूला ठेवला थोडा वेळ.

उसाचा_फड: आत्त्या म्हणाली, पिक्चर परत लाव. टॅबवर लावून दिलाय. शेजारच्या दोघी आल्यात.

वगाची_सोंगटी: ताई, बाबा आहेत ना?

भाड्याचं_घर: आहेत, ८१ वर्षांचे. ऐकू जवळजवळ येत नाही. पण बनवाबनवी लावला की आवाजाशिवायही बरोबर जागी हसतात. आत्ता लावलाय. घरमालक येतोय, जाते.