विश्वचषकाचे सामने दारात आलेत, २५ हजारांत काय विकावं?

अर्धाकटिंग (२८ सप्टेंबर २०२५)
मंडळी, जुईनगर स्टेशनाबाहेर माझा आणि जाऊबाईंचा छोटा गाळा आहे. चहा, वडा, सँडविच. बंगळुरूचे सामने हलवल्यामुळे महिला क्रिकेट विश्वचषकाचे पाच सामने आता इथल्या, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आहेत. २० ऑक्टोबरला श्रीलंका-बांगलादेश, २३ ला भारत-न्यूझीलंड, २६ ला भारत-बांगलादेश, ३० ला सेमीफायनल, २ नोव्हेंबरला फायनल (पाकिस्तान पोचलं तर ती कोलंबोला). सगळे दुपारी तीनला सुरू होणार.
हातात २५ हजार आहेत, वर एक रुपया नाही. एक पोरगा ठेवून वडे दुप्पट करू, झेंडे-जर्सी आणू, की दिवाळीच आहे तर गाळा बंद करून सरळ चिपळूण गाठू? जाऊबाईंचं मत चिपळूण.

पिवळावाघ
डोळे झाकून जर्सी. २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे आयपीएलमधले चेन्नईचे सहा सामने पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमला आले होते. चेन्नईहून खास रेल्वे भरून माणसं आली. मी पिवळे टीशर्ट उचलले होते, पहिल्याच दिवशी दुपारी दोनला पिशवी रिकामी. धोनीने माझ्या स्कूटरचा अर्धा हप्ता फेडला म्हणा.

चौथादिवस
वाघोबा, तुमचं नशीब. आमचं ऐका. २०१७ ची ऑस्ट्रेलिया कसोटी, गहुंजेच. पाच दिवसांचा हिशेब धरून पाव, पाणी, बर्फ बोलून ठेवला. आपले १०५ आणि १०७ वर गुंडाळले, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. बरं, माणूस एकदा ठेचकाळतो. गेल्या वर्षी न्यूझीलंडच्या कसोटीला परत तेच केलं, परत तीन दिवसांत हरलो. पाववाला अजून माझ्याकडे बघून हसतो. ताई, नाशवंत माल घेऊ नका.

लसूणचटणी
कसोटीचा इथे काय संबंध? हे वनडे आहेत. एका दिवसाचा माल एका दिवसात.

चौथादिवस
आणि पाऊस आला तर?

लसूणचटणी
ऑक्टोबरएंडला कसला पाऊस!

सेक्टर७रहिवासी
धंद्याचं सगळे बोला, आमचं कुणी बोलू नका. मॅचच्या दिवशी स्वतःच्या बिल्डिंगसमोर गाडी लावता येत नाही. गेटसमोर कोणीतरी भेळ खाऊन कागद टाकून जातो. ताई, तुम्ही काहीही विका, पण कचऱ्याचा डबा ठेवा.

उंचझेप
२५ हजारांत काय होतं? साडेचार लाखांत सेकंडहँड फूड ट्रक मिळतो. माझ्या मेव्हण्याने घेतला. एका मोठ्या मॅचला गल्ला भरतो, वर्षभर लग्नं असतातच.

अर्धाकटिंग
दादा, पंचवीस हजार. हजार.

उंचझेप
कर्ज मिळतं की.

टेम्सकाठी
मी २०१२ ला लंडनमध्ये होतो. ऑलिंपिकला गर्दी होणार, घरून काम करा, मध्य लंडन टाळा, असं महिनाभर बजावत होते. लोकांनी इतकं मनावर घेतलं की भर ऑगस्टात तिथे शुकशुकाट. टॅक्सीवाले आणि नाटकवाले बोंबलत होते. गर्दी होती, पण ती स्टेडियमच्या आत आणि त्याला लागूनच्या मॉलमध्ये. माझ्या नेहमीच्या सँडविचवाल्याचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. तात्पर्य, बाहेरचे येतील तेव्हा रोजचे येतील का, हे आधी बघा.

आकडेमोड
टेम्सकाठी यांनी नेमका मुद्दा धरला. नेरूळचा माणूस सिनेमाला जाणार होता तो मॅचला गेला, तर नवी मुंबईत नवा पैसा आलाच नाही, फक्त खिसा बदलला. मोठी कमाई यजमान गावाच्या गल्लीबोळात राहत नाही. २०१० ला दक्षिण आफ्रिकेत फेरीवाल्यांना स्टेडियमच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. २०१४ ला ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये आकाराजे विकणाऱ्या बायकांना (आपल्या भज्यांसारखा पदार्थ) भांडून जागा मिळवावी लागली. आणि जर्सी म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की स्पर्धेचं अधिकृत चिन्ह छापलेला माल विनापरवाना विकता येत नाही.

पिवळावाघ
चिन्ह कोण म्हणालं? निळा टीशर्ट, मागे नाव. निळ्या रंगावर कुणाचा हक्क आहे का?

आकडेमोड
रंगावर नाही. पण पाच सामन्यांतला एक श्रीलंका-बांगलादेश आहे, आणि भारत सेमीला गेलाच नाही तर ते निळे टीशर्ट घरात पोछ्याला वापरणार का?

कव्हरड्राइव्ह_बंड्या
मुळात बायकांच्या मॅचला येणार कोण? शंभर रुपये तिकीट ठेवलंय ते उगाच नाही.

स्मृतीचीफॅन
बंड्याशेठ, डिसेंबर २०२२ ला याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी टाय झाली आणि सुपर ओव्हरमध्ये आपण जिंकलो. ४५ हजारांच्या वर माणूस होता. मी होते तिथे. घसा आठवडाभर बसला होता.

कव्हरड्राइव्ह_बंड्या
तेव्हा प्रवेश फुकट होता.

स्मृतीचीफॅन
फुकट असूनही लोक रणजी बघायला येत नाहीत. पुरुषांचीच.

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद रणजी, स्मृती आणि बंड्या यांच्यावर. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले.)

डबलढोलकी
मी आधीच्या मॅचेसना गेलोय म्हणून सांगतो. गेटवर बॅग, बाटली, डबा, छत्री, हेल्मेट, काही आत नेऊ देत नाहीत. लोक रडकुंडीला येतात. कुंपणाला छत्र्या अडकवून जातात. तुमच्या गाळ्यात एक मांडणी आणि टोकनं ठेवा. बॅगेला ५० रुपये. माल नाही, नासणं नाही. स्टेशनवरून चालत येणारे तुमच्याच समोरून जाणार.

सेक्टर७रहिवासी
आणि कुणाचा लॅपटॉप गेला की पोलीस ताईंच्या दारात. कोणाच्या बॅगेत काय आहे ते आपण उघडून बघणार का?

चौथादिवस
तरी नाशवंतापेक्षा बरं.

भायखळाभाऊ
पोरगा ठेवायचा विचार असेल तर आत्ताच बोलून ठेवा. २० ला नरकचतुर्दशी, २३ ला भाऊबीज, २५ पासून बिहारींची छठपूजा. आमच्याकडचे दोघेही तेव्हा गावाला असतात. २३ ला तर तुमच्याच घरी भाऊ येणार. वडे कोण तळणार?

झटपटनफा
जर्सी घ्या. वर कुणी म्हणालं असेल तर माहीत नाही.

अर्धाकटिंग (५ ऑक्टोबर)
सगळ्यांचे आभार. भायखळाभाऊंचा प्रतिसाद वाचून मात्र पोटात गोळा आला. ज्याला ठेवणार होते तो पोरगा बिहारचाच आहे. म्हणजे वडे दुप्पट करणं बाद. जर्सीचं मन होत नाही, माप चुकलं की बदलून द्या म्हणून येतील आणि मला ते भांडण जमणार नाही.
मी ठरवलंय, फराळ. चिवडा आणि शंकरपाळ्यांच्या ८०० पुड्या. ओळखीच्या बचत गटाकडून पिशवीसकट १८ ला पडतेय, ३० ला विकणार. मॅच रद्द झाली तरी पंधरा दिवस टिकतो. दीडपासून तीनपर्यंत लोक भुकेले असतात, आत खायला न्यायची बंदी, म्हणून गेटबाहेरच तोंडात टाकतील. चहा आहेच.

पिवळावाघ
दिवाळीत चिवडा? ज्याच्या घरी डबे भरलेत तो तुमच्याकडून पुडी घेणार? ताई, चुकताय.

उंचझेप
८०० पुड्या हातात धरून विकण्यापेक्षा ट्रक.

लसूणचटणी
मला तर वड्याचंच पटत होतं. असो.

अर्धाकटिंग (६ नोव्हेंबर)
हिशेब द्यायला आले. विश्वचषकही घरी आलाय, तेव्हा मूड चांगला आहे.
२० तारखेला फक्त ३५ पुड्या गेल्या. आंघोळी, फटाके, त्यात परक्या दोन टीम, स्टेशनवर कुत्रं नव्हतं. भाऊबीजेला मी घाबरत होते, पण बहिणींनी ओवाळून भावांना मॅचला आणलं होतं, २१० गेल्या. "घरच्या चिवड्यात काजू जास्त आहेत" असं म्हणत म्हणत घेतल्या. २६ ला पाऊस. लसूणचटणी, वाचतोयस ना? मॅच पूर्ण झालीच नाही, लोक शेडखाली अंग चोरून उभे, त्यांना चहा हवा होता. चहाचा टोप तीनदा चढवला, पुड्या ६०. चिवडा मऊ पडला ते वेगळंच. सेमीला २३०.
फायनलची मी सगळ्यात मोठी आशा धरली होती. पावसाने मॅच पाचला सुरू झाली, त्याआधी १५० गेल्या. मॅच संपली बाराच्या सुमारास. मी आणि पोरगा (छठ करून परतला होता) जागे, मोठ्या पातेल्यात चहा उकळतोय, बाहेर हजारो माणसं नाचतायत. आणि एकही थांबलं नाही! सगळे लोकल पकडायला पळत होते. दोन पातेली चहा शेवटी बंदोबस्तावरच्या हवालदारांना दिला.
एकूण ६८५ पुड्या, २०,५५० रुपये आले. ८०० चे १४,४०० गेलेले. उरले ६,१५०, शिवाय ११५ पुड्या शिल्लक. पण आकडेमोड, तुमचंही थोडं खरं निघालं. या पाच दिवसांत रोजचे ऑफिसवाले गिऱ्हाईक वड्याला फिरकलं नाही. ते दिवाळीमुळे की गर्दीमुळे, मला सांगता येणार नाही. ते धरलं तर सहा हजारांतले दोनेक हजार कमी करा.

पिवळावाघ
हरमनप्रीतच्या नावाची जर्सी ठेवली असती तर फायनलला…

आकडेमोड
श्रमाची मजुरी हिशेबात धरली का? जाऊबाईंची?

अर्धाकटिंग
जाऊबाई चिपळूणला होत्या.

डबलढोलकी
बॅगांचं केलंत की नाही?

अर्धाकटिंग
टोकनं केली नाहीत. पण फायनलला पावसात चार मुली छत्र्या ठेवून गेल्या, पैसे मागायची लाज वाटली. दोन अजून माझ्याकडेच आहेत. एक काळी, एक जांभळी, जांभळीची काडी तुटलीय. वाचत असाल तर सकाळी सातनंतर या, चिवडाही आहे.