विडी कामगार स्त्रिया आणि गर्भारपण

प्लास्टिकच्या डब्यांतील बिस्फेनॉल-ए या रसायनामुळे संप्रेरकांचा समतोल बिघडू शकतो, म्हणून डबे बदलावेत, असा सल्ला गर्भवती स्त्रियांना दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु सोलापूरच्या पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न डबे बदलून सुटणारा नाही. ओलसर तंबाखूतील निकोटिन हातांच्या त्वचेतून आणि धूळ श्वासातून शरीरात जाते, हे निकोटिन वार (गर्भाला आईच्या शरीरातून पोषण पुरवणारा अवयव, प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते व रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने बाळाची वाढ खुंटू शकते. काम घरातच चालत असल्यामुळे, आणि मजुरी नगावर ठरत असल्यामुळे, गर्भारपणातही हात थांबत नाहीत. त्यामुळे प्रसूतिपूर्व तपासणीत प्रत्येक स्त्रीला तिचे काम विचारून त्याची नोंद झालीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.