बैलबंडीला दिवा नाही, म्हणून गुन्हा?

धुऱ्यावरचा: काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "रात्री डांबरीवर बिनदिव्याची बंडी दिसली की मालकावर गुन्हा दाखल करा." वाचून डोकं तापलं, म्हणून हे लांबण. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डिपरच्या उजेडात बंडी दिसेपर्यंत पाय ब्रेकवर जायचा असतो. समोरच्याने अप्पर लाइट मारला तर बंडीच काय, ट्रकही दिसत नाही. गावाजवळ वेग कमी करायचा कोणी?

नागपूर_रिटर्न: तो लिहिणारा मीच. बैलाचे डोळे चमकतात, पण समोरून. मी मागून येतो हो! काळं लाकूड, वर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) भारा बाहेर आलेला. आत्येभावाचा पाय अशाच भाऱ्यापायी मोडला. मागे रेडियम लावायला काय जहागीर विकावी लागते?

पऱ्हाटी: लावलं होतं ना बाप्पा! शेणाचिखलानं आठ दिवसांत आंधळं झालं. अन् रात्री आम्ही हौसेनं निघतो का? पंपाची थ्री फेज लाइन रात्रीच येते. हरभऱ्याले तव्हाच पाणी द्या लागते, तुषार सिंचनाचे पाइप बंडीतूनच न्या लागतात. वावरात रानडुक्कर, धुऱ्यावर साप, डांबरीवर तुमची गाडी.

मास्तर: विजेचा धागा वेगळा काढा.

पऱ्हाटी: काहून? दिवसा लाइन द्या, अर्ध्या बंड्या रात्री घरीच राहतील.

सोलरवाला: त्यासाठीच २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. आमच्या फिडरवर (शेतीच्या वीजवाहिनीवर) आता दिवसा ओलीत होते. तुमच्या ग्रामपंचायतीने सोलर पॅनेलला जागा दिली का?

पऱ्हाटी: ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर कोणाचं अतिक्रमण आहे, ते विचारा आधी!

सोलरवाला: म्हणजे जागा खाणार गावातलेच आणि शिव्या आम्हाला?

पऱ्हाटी: तुम्हाले कोण शिव्या देऊन राहिलं? लागलं असन तं लागू द्या.

धुऱ्यावरचा: अरे, दिव्याचं बोला. कापसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे ताडपत्रीखाली झाकलेले असतात. तिच्या मालकावर गुन्हा नको, बंडीवाला गरीब म्हणून त्याच्यावर?

नागपूर_रिटर्न: ट्रॉलीचं बरोबर. एवढ्या लांबणात एक तरी कामाचं निघालं, अभिनंदन! गुन्ह्याचं सोडतो, रेडियमचं नाही. निघताना फडकं मारायला कितीसा वेळ लागतो? तेही होत नसेल तर मोबाइलची बॅटरी लावून मागे टांगा.

पऱ्हाटी: अन् लाइन आल्याचा फोन बैल उचलीन का?